गिअरमध्ये टाकलेली गाडी जॅकवर असताना का सरकली? चाक बदलताना नेमकी काळजी कोणती घ्यावी?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. अलीकडेच शेजाऱ्यांच्या गाडीचे पुढचे डावे चाक पंक्चर झाले आणि स्टेपनी चढवण्यासाठी मी त्यांच्या मदतीला गेलो होतो. जागा डोळ्यांना सपाट वाटत होती, इंजिन बंद होते आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. गाडी गिअरमध्ये असल्यावर हलत नाही अशी त्यांची खात्री असल्यामुळे हँडब्रेक ओढलेला नव्हता. जॅकने चाक जमिनीपासून बोटभर उचलले गेल्यावर त्यांनी नटाला पाना लावून जोर दिला आणि त्याच क्षणी गाडी हळूच पुढे सरकली. जॅकचा पाया होता तिथेच राहिला, पण त्याचा माथा गाडीबरोबर पुढे गेला आणि सरळ उभा असलेला जॅक स्पष्टपणे तिरपा झाला. सुदैवाने कोणाचाही हात किंवा पाय गाडीखाली नव्हता. आम्ही लगेच मागे झालो, हँडब्रेक ओढला आणि गाडी खाली उतरवली.

गाडी गिअरमध्ये असूनही का सरकली, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण कारण कळल्याशिवाय काळजी नेमकी कशाची घ्यायची हे कळत नाही. त्यासोबत आणखी तीन शंका आहेत. नट कितपत घट्ट करावेत? सगळे नट काढूनही चाक निघत नसेल तर काय करावे? आणि चाक बदलण्याच्या फंदात पडूच नये अशी परिस्थिती कोणती? गरज पडण्यापूर्वी एकदा मोकळ्या, सपाट जागेत हे काम स्वतःच्या हाताने करून पाहण्याचा माझा विचार आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण कारण विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण चाक बदलण्याच्या कामातील जवळजवळ प्रत्येक नियम उचललेली गाडी हलू नये या एकाच गोष्टीसाठी असतो. गाडी गिअरमध्ये असूनही सरकली याचे उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून इंजिनाची ताकद ज्या दोन चाकांना मिळते ती दोन्ही वेगवेगळ्या गतीने फिरू शकतील अशी दातेचक्रांची रचना त्यांच्यामध्ये केलेली असते. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. दोन्ही चाके जमिनीवर असतात तेव्हा गिअरमध्ये अडकलेले इंजिन त्यांना धरून ठेवते. त्यातील एक चाक हवेत गेले की मात्र जमिनीवरचे चाक पुढे आणि हवेतले चाक उलट दिशेने, असे दोन्ही मोकळेपणाने फिरू शकतात आणि इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये ताकद पुढच्या चाकांना मिळते. शेजाऱ्यांची गाडीही तशीच असणार. पुढचे चाक उचलताच गिअरची पकड संपली आणि गाडी अक्षरशः कशाच्याही आधाराशिवाय उभी राहिली. ऑटोमॅटिक गाडीतील ‘पी’ स्थितीलाही हेच लागू आहे, कारण तिथेही कुलूप गिअरबॉक्सला लागते, चाकांना लागत नाही.

हँडब्रेक मात्र बहुसंख्य गाड्यांमध्ये थेट मागच्या दोन चाकांवर लागतो. म्हणून पुढचे चाक उचलायचे असेल तेव्हा खरी भिस्त हँडब्रेकवर असते. मागचे चाक उचलायचे असेल तर हँडब्रेकची निम्मी पकड हवेत जाते, पण पुढची दोन्ही चाके जमिनीवर असल्यामुळे गिअर कामाला येतो. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे मागचे चाक उचलणे सर्वांत जोखमीचे, कारण तिथे गिअरही निकामी होतो आणि हँडब्रेकही एकाच चाकावर उरतो. कोणत्या गाडीत काय होते हे ऐनवेळी आठवत बसण्यापेक्षा हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये टाकावी आणि शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांपैकी एकाला पुढून व मागून दगड किंवा लाकडी पाचर लावावी, या तिन्ही गोष्टी दर वेळी करणे उत्तम. पाचर लावण्यासाठी उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरचे चाक निवडावे. गाडीचा एक कोपरा वर उचलला की त्याच्या तिरक्या कोपऱ्यावरचा भार वाढतो आणि उरलेल्या दोन चाकांवरचा थोडा कमी होतो, त्यामुळे त्या भारदस्त चाकाखाली लावलेली पाचर निसटत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. चाक हवेत असताना नट सोडवण्यासाठी जोर दिला जातो तेव्हा तो सगळा जोर जॅकवर आडवा पडतो. गाडीतला कात्रीसारखा जॅक सरळ खालून वर भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. आडवा धक्का सहन करण्याची त्याची कुवत फारच थोडी असते. म्हणून चाक जमिनीवर टेकलेले असतानाच प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा सैल करून ठेवावा आणि मगच जॅक लावावा. पाना नटावर असा बसवावा की त्याचा दांडा डावीकडे आडवा येईल, म्हणजे खाली दाबले की नट सैल होण्याच्या दिशेने फिरतो आणि हाताच्या जोराऐवजी पायाचा दाब वापरता येतो. गाडीला एका हाताने धरून टाचेने सावकाश दाब द्यावा. पान्यावर उडी मारू नये, कारण पाना निसटला तर घोटा दुखावतो आणि नटाचे कोपरे झिजले तर पुढचे सगळे कामच अडून बसते.

स्टेपनी, पाना आणि जड सामान डिकीतून बाहेर काढणे हेही गाडी उचलण्याच्या आधीच व्हायला हवे. गाडी जॅकवर असताना डिकीतून जड चाक ओढून काढले की गाडी डुलते. गाडीत माणसे बसलेली असतील तर त्यांनी उतरावे, लहान मुले झोपलेली असली तरीसुद्धा.

जॅक कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवू नये. दारांच्या खालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, मजबूत केलेला भाग असतो आणि त्यावर बहुधा दोन लहान खाचा किंवा बाण असतो. जॅकच्या माथ्यावरची खोबण त्या कडेला बरोबर धरते. बोट फिरवून ती खाच चाचपून पाहावी आणि जॅक हाताने फिरवत तिथपर्यंत आणावा. एकदा माथा नीट बसला आणि जॅक लंब उभा आहे याची खात्री झाली की मगच दांडा लावून उचलायला सुरुवात करावी. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवावी. पातळ फळी भाराने तडकते आणि विटेचा तर मधूनच भुगा होतो, म्हणून वीट कधीही वापरू नये.

चाक काढण्यापूर्वी स्टेपनी गाडीच्या कडेखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटला तर गाडी त्या चाकावर टेकते, जमिनीवर आदळत नाही. जुने चाक निघाल्यावर ते तिथे सरकवावे आणि स्टेपनी उचलावी. काहीही झाले तरी शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाऊ देऊ नये. घरंगळत गेलेला नट काढायलासुद्धा हात घालू नये, काठीने ओढावा.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादात तांत्रिक भाग उत्तम आला आहे. मी फक्त जागेबद्दल लिहितो, कारण चाक बदलताना होणाऱ्या भीषण अपघातांत जॅकइतकाच मागून येणाऱ्या वाहनांचा हात असतो.

चालू गाडीचा टायर फुटला तर ब्रेकवर पाय देण्याची इच्छा होते, ती आवरावी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग बराच उतरल्यावर ब्रेक हलके लावावेत. त्यानंतर चारही इंडिकेटर लावून, अगदी हळू, सुरक्षित जागा मिळेपर्यंत पुढे जावे. हवा गेलेल्या टायरवर गाडी चालवली तर टायर कामातून जातो आणि रिमही वाकू शकते, हे खरे आहे. तरीही वळणावर, पुलावर किंवा रस्त्याच्या कडेला दोन फूट जागेत थांबण्यापेक्षा रिम खराब झालेली परवडली, असे माझे ठाम मत आहे. जागा सपाट, कडक आणि वाहतुकीपासून दूर हवी. उतारावर गाडी जॅकवर घेऊ नये, मग पाचर कितीही मोठी असो.

धोक्याची सूचना देणारा परावर्तक त्रिकोण साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे सुमारे ५० मीटरवर ठेवतात, पण हे अंतर वेगावर अवलंबून ठेवावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते, म्हणजे ५० मीटरला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. वेगवान रस्त्यावर १०० मीटर किंवा त्याहून जास्त अंतर हवे, आणि मागे वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्रिकोण येणाऱ्या वाहनाच्या बाजूने त्याच्या अलीकडे हवा, म्हणजे चालकाला तो आधी दिसेल आणि गाडी नंतर. त्रिकोण ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी कडेने चालावे. द्रुतगती मार्गावर मात्र तिथे चालत जाणेच इतके धोक्याचे असते की काही देशांत अशा मार्गांवर त्रिकोण ठेवू नये असेच सांगितले जाते. आपल्या भागाचा नियम आधी पाहून ठेवावा.

चाक कधी बदलू नये, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. पंक्चर झालेले चाक वाहतुकीच्या बाजूला असेल आणि गाडी आणखी आत घेता येत नसेल, दाट धुके असेल, जमीन चिखलाची किंवा उताराची असेल, तर सर्वांनी वाहतुकीपासून दूरच्या दाराने उतरावे, कठड्याच्या पलीकडे जावे आणि गाडीपासून अंतर राखून मदत बोलवावी. पाऊस पडत असला तरी गाडीत बसून वाट पाहू नये.

तिसरा प्रतिसाद

नट किती घट्ट करावेत आणि अडकलेले चाक कसे काढावे, या दोन शंकांबद्दल लिहितो.

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत नट आवळण्याचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. बहुतेक लहान व मध्यम गाड्यांसाठी तो साधारण ९० ते १३० च्या दरम्यान असतो. हा आकडा हाताला कसा समजावा, तर गाडीसोबत येणारा पाना साधारण २५ सेंटिमीटर लांब धरला, तर त्याच्या टोकाला ४० किलोच्या आसपास जोर दिल्यावर सुमारे १०० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे दोन्ही हातांनी चांगला रेटा द्यावा, एवढे पुरेसे असते. ७० किलोची व्यक्ती त्याच पान्यावर पूर्ण वजनाने उभी राहिली तर तो आकडा १७० च्या पुढे जातो. नट सोडवताना पायाचा वापर योग्य आहे, पण आवळताना पान्यावर उभे राहण्याची सवय मला घातक वाटते. त्याने बोल्ट ताणला जातो, त्याचे आटे खराब होतात आणि पुढच्या पंक्चरच्या वेळी तोच नट कोणाच्याही हाताने सुटत नाही.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सगळे नट आधी हातानेच बसवावेत, म्हणजे एखादा नट आट्यांवर तिरका चढत असेल तर बोटांना लगेच जाणवते. हाताने तीन-चार फेरे सहज जात नसतील तर पाना लावू नये. नट काढून पुन्हा सरळ लावावा. मग पान्याने हलके आवळून चाक जागेवर टेकवावे, गाडी उतरवावी आणि चाक जमिनीवर आल्यावर पूर्ण आवळावे. एका नटानंतर शेजारचा न घेता समोरचा घ्यावा. पाच नट असतील तर एक सोडून एक घेत चांदणी काढल्यासारखे जावे. एका बाजूचे नट आधी पूर्ण आवळले तर चाक किंचित तिरके बसते, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि गाडी धावू लागली की चाक सरळ होते व नट सैल पडतात. नवीन चाक चढवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत असे सांगतात ते याचसाठी.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी नक्की देईल. पुस्तिकेत तसे स्पष्ट सांगितलेले नसेल तर लावू नये. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलामुळे घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. तारेच्या ब्रशने गंज आणि माती झटकणे मात्र अवश्य करावे.

सगळे नट काढूनही चाक निघत नसेल तर रिम आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, यांच्यामध्ये गंज धरलेला असतो. अशा वेळी जॅकवरच्या गाडीचे चाक दोन्ही हातांनी ओढणे किंवा त्याला लाथा मारणे म्हणजे पहिल्या प्रतिसादात सांगितलेला आडवा धक्का जॅकला स्वतःहून देणे होय. त्याऐवजी सगळे नट पुन्हा हाताने लावावेत, एक-एक फेरा सैल ठेवावेत आणि गाडी उतरवून तिचा भार चाकावर येऊ द्यावा. मग गाडीला बाजूने धरून डुलवावे. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज येऊन चाक सुटते. तसे झाल्यावर पुन्हा जॅक लावून चाक काढावे. हबच्या पृष्ठभागावरचा गंज त्याच वेळी घासून टाकला तर स्टेपनी सपाट बसते. जवळच असलेली ब्रेकची डिस्क बराच वेळ तापलेली राहते, म्हणून हातमोजे घालावेत.

प्रश्नकर्ता

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. डिफरन्शियलचे स्पष्टीकरण वाचल्यावर त्या दिवशी जे पाहिले त्याचा पूर्ण उलगडा झाला. शेजाऱ्यांनाही ते वाचायला दिले आहे. आता माझ्या स्वतःच्या गाडीची डिकी उघडून पाहिली तेव्हा स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद आहे आणि तिच्यावर ८० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, असे दिसले. शिवाय माझी चाके अलॉयची आहेत आणि स्टेपनी लोखंडी आहे. त्यासाठी काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

चौथा प्रतिसाद

ही तात्पुरती स्टेपनी आहे आणि ८० हा तिच्यासाठी ताशी किलोमीटरमधील कमाल वेग आहे. तिच्यावर जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच जावे. ब्रेक लावताना आणि वळताना तिची पकड कमी असते, म्हणून पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. अशा अरुंद स्टेपनीत हवा नेहमीच्या टायरपेक्षा खूप जास्त लागते. बहुतेकांवर ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार, असे लिहिलेले असते. इतर चाकांत हवा भरताना स्टेपनी डिकीतच राहते आणि टायरमधील हवा महिन्याला साधारण एक पीएसआय या हिशेबाने न वापरताही कमी होत जाते, त्यामुळे बघता बघता ती अर्धी रिकामी होते. माझ्या मते चाक बदलण्याच्या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, तेही पाहून ठेवावेत. ३५२२ असे असेल तर टायर २०२२ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. रबर न वापरताही जुने होते आणि दहा वर्षांनंतर टायर चांगला दिसत असला तरी बदलावा असे अनेक उत्पादक सांगतात.

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे पुढचे चाक पंक्चर झाले असेल, तर अनेक पुस्तिका तात्पुरती स्टेपनी पुढे लावू नये असे सांगतात. तिचा व्यास थोडा कमी असेल तर पुढची दोन चाके सतत वेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलवर ताण येतो. वळवण्याचा आणि ब्रेकचा बराचसा भारही पुढेच असतो. अशा वेळी स्टेपनी मागे लावून मागचे चांगले चाक पुढे आणावे लागते. कष्ट दुप्पट होतात, पण जागा सुरक्षित असेल तर ते घ्यावेत.

अलॉय आणि लोखंडी चाकांबद्दल आपली शंका रास्त आहे. अलॉयची जाडी जास्त असते, म्हणून ज्या गाड्यांमध्ये नटांऐवजी बोल्ट असतात तिथे अलॉयचे लांब बोल्ट लोखंडी चाकातून जास्त आत जाऊन मागच्या भागांना घासू शकतात. काही गाड्यांत बोल्टच्या बैठकीचा आकारही वेगळा असतो, एकात निमुळती तर दुसऱ्यात गोल. अशा गाड्यांसोबत स्टेपनीसाठी वेगळे बोल्ट दिलेले असतात आणि ते बहुधा हत्यारांच्या पिशवीत मिळतात. पुस्तिकेत हे पान शोधून पाहावे. अलॉय चाकांना चोरीपासून वाचवणारा एखादा खास नट असेल तर त्याची किल्ली त्याच पिशवीत आहे ना, हेही आजच पाहावे, कारण ती नसेल तर बाकीचे सगळे सामान असूनही चाक निघणार नाही.

आपण सराव करणार आहात, तर स्टेपनी नुसती चढवून उतरवू नका. तेवढ्याच वेळात तिच्यातली हवा मोजा, सगळे नट एकदा सैल करून योग्य जोराने पुन्हा आवळा आणि गाडीसोबतचा पाना त्यासाठी पुरतो का ते पाहा. यंत्राने आवळलेले नट अनेकदा त्या छोट्या पान्याला दाद देत नाहीत. तसे आढळले तर दुरुस्तीच्या ठिकाणी नट सैल करून टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळून घ्या आणि लांब दांड्याचा पाना डिकीत ठेवा. त्याच्यासोबत टॉर्च, हातमोजे, एक जाड फळी आणि दोन पाचरी ठेवल्या तर रात्रीच्या वेळी रस्त्यावर दगड शोधत फिरावे लागणार नाही.